मुंबईच्या आरमारी अंमलदारांची भूगोल-मंडळी

मुंबईंतील इंग्रज आरमारी अंमलदारांची उठबस म्हटली म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें अपोलो बंदरावरील यॉट क्लब उभा राहतो: समुद्राच्या कडेची हिरवळ, तीवर सायंकाळीं मांडलेल्या खुर्च्या, आणि फाटकाबाहेरून हें सर्व पाहणारे आपले लोक. हें चित्र खोटें नाहीं, पण तें उत्तरकालीन आहे. यॉट क्लब निघाला इ. स. १८४६ सालीं. त्यापूर्वीं सुमारें पंधरा वर्षें, म्हणजे १८३१-३२ च्या सुमारास, याच आरमाराच्या अंमलदारांनीं मुंबईस एक निराळीच मंडळी काढली होती. तिच्या बैठकींत किनाऱ्यांचे नकाशे उलगडले जात, अनोळखी लिपींतील शिलालेखांच्या नकला हातोहात फिरत, आणि परक्या बेटांवरील भाषांचे शब्द टिपून घेतले जात. तिचें नांव बाँबे जिऑग्राफिकल सोसायटी. आम्ही तिला भूगोल-मंडळी म्हणतों. आपल्याकडे तिचा उल्लेख क्वचितच होतो. जुने कागद जमविणारांस तर ती आपल्या गोत्रांतलीच वाटावी. म्हणून तिची हकीगत येथें देण्याचें योजिलें आहे.

आम्ही दादरास राहतों. शिवडीच्या किनाऱ्यापासून माहीमच्या किल्ल्यापर्यंत सरळ रेघ ओढिली तर ती आमच्या घराच्या आसपासूनच जाईल. इ. स. १६८९ सालीं सिद्दी याकूदखान औरंगजेबाच्या वतीनें चालून आला, शिवडीस उतरला, आणि माझगांव व माहीम घेऊन इंग्रजांस त्यानें कोटांत कोंडून टाकिलें. १६९० च्या जूनपर्यंत तो बेटावरून हालला नाहीं. ज्या कंपनीचा सगळा जीव गलबतांवर, तिलाच गलबतांच्या जोरावर कोणी कोंडावें ही गोष्ट इंग्रजांच्या मनास लागली असल्यास नवल नाहीं. कंपनीचें आरमार तसें १६१३ पासूनचें, सुरतेच्या वेळचें. परंतु मुंबईच्या आरमारास पुढें जें रूप आलें तें सिद्दी आणि आंग्रे यांच्या धाकानें आलें. १७५५ सालीं सुवर्णदुर्ग व १७५६ सालीं विजयदुर्ग घेतांना तें आपल्या पेशव्यांच्याच बाजूनें लढलें, आणि १७८३ च्या एप्रिलांत आनंदराव धुळपाच्या आरमारानें त्याचें 'रेंजर' जहाज पाडाव केलें. हा भाग वाचकांस ठाऊकच आहे.

१८१८ नंतर मात्र पश्चिम किनाऱ्यावर या आरमारास तोलाचा शत्रु उरला नाहीं. अंमलदार होते, जहाजें होतीं, पण लढाई नव्हती. त्यांत राजाच्या आरमारांतील अंमलदार यांस आपल्या बरोबरीचे मानीत नसत. हुद्दा तोच असला तरी मान खालचा. कंपनीच्या पायदळांतील अंमलदारांस मुलूखगिरींत पैसा व नांव मिळे, तें याही लोकांस नव्हतें. अशा स्थितींत त्यांच्या हातीं समुद्र मोजण्याचें काम आलें. तें त्यांनीं ज्या निष्ठेनें केलें तिच्या मुळाशीं ज्ञानाच्या आवडीबरोबर हा मानाचा प्रश्नही असावा, असें आमचें मत आहे. ज्यास दरबारांत खुर्ची मिळत नाहीं तो विद्वत्सभेंत ती मिळवूं पाहतो. ही गोष्ट इंग्रजांपुरतीच खरी आहे असें नाहीं.

या मंडळीचा पहिला अध्यक्ष सर चार्ल्स माल्कम, मुंबईच्या आरमाराचा सुपरिंटेंडेंट. ज्या सर जॉन माल्कमाच्या स्वाधीन दुसरा बाजीराव १८१८ सालीं झाला, त्याचा हा धाकटा भाऊ. १८२७ पासून १८३० पर्यंत थोरला मुंबईचा गव्हर्नर होता व धाकटा गोदींत होता. परळच्या गव्हर्नराच्या वाड्यांत (ज्यांत पुढें १८९९ सालीं प्लेगाची प्रयोगशाळा आली व जी आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते) या दोघां भावांचीं आरमाराविषयीं बोलणीं किती झालीं असतील याची कल्पनाच करावी. थोरल्यानें इतिहास लिहिले. धाकट्यानें स्वतः फारसें लिहिलें नाहीं, दुसऱ्यांकडून लिहविलें. आमच्या मतें मंडळी चालविणाराच्या अंगीं हाच गुण अधिक लागतो.

त्यांच्याच काळांत, २० मार्च १८३० रोजीं, 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएजकडे निघाली. ती मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या कारागिरांनीं बांधलेली, अवघी ४११ टनांची. तींत कोळसा इतका भरावा लागला कीं उतारूंस बसावयास जागा उरली नाहीं. २२ एप्रिलास ती सुएजेस पोंचली. विलायतेची डांक तांबड्या समुद्रांतून आणतां येते हें यावरून सिद्ध झालें. पण त्या समुद्राचा भरंवसा ठेवण्याजोगा नकाशा कोणाजवळ होता? त्याच वर्षीं १ मे पासून या आरमारास 'इंडियन नेव्ही' असें नांव मिळालें. लंडनची राजकीय भूगोल-संस्थाही १८३० चीच. तिची शाखा या नात्यानें मुंबईच्या मंडळीचा जन्म झाला. नवें नांव, नवी आगबोट, नवा समुद्रमार्ग आणि नवी मंडळी अशा चार गोष्टी एकदोन वर्षांत जमून आल्या.

मंडळीची रीत अशी कीं, पाहणीवर गेलेल्या अंमलदारानें आपली हकीगत लिहून पाठवावी, ती बहुधा सुपरिंटेंडेंटामार्फत सभेपुढें यावी, वाचली जावी व पसंत पडल्यास छापली जावी. लिहिणारा समुद्रावर, त्याचा लेख मुंबईस वाचला जात आहे, असा प्रकार सहजच घडे. यामुळें ही सभा जमलेल्यांपेक्षां न जमलेल्यांचीच अधिक होती. १८३६ पासून १८७३ पर्यंत तिचे वृत्तांत छापले गेले; त्यांच्या एकूण १९ जिल्दी आहेत. पुढें 'बाँबे टाइम्स'चा संपादक डॉ. जॉर्ज ब्यूइस्ट हा तिचा चिटणीस झाला, व त्याच्या हातीं भूगर्भ, भरती-ओहोटी, पाऊस असे विषयही तींत शिरले. आमचा ओढा मात्र पहिल्या पंधरा वर्षांकडे आहे, कारण त्यांत आपल्या अभ्यासाशीं थेट लागू पडणाऱ्या गोष्टी आहेत.

त्यांपैकीं पहिली मालदीव बेटांची. तांबड्या समुद्राची पाहणी 'पॅलिन्यूरस' व 'बनारस' या दोन जहाजांनीं १८२९ पासून १८३४ पर्यंत केली. त्यांपैकीं 'बनारस' प्रवाळाच्या खडकांवर वारंवार आदळली, तरी बुडाली नाहीं. नंतर कप्तान मोर्स्बी तीच घेऊन मालदीवांकडे गेला. १८३५ सालीं त्यानें यंग व क्रिस्टोफर या दोन तरुण लेफ्टनंटांस माले बेटावर मुद्दाम उतरवून ठेविलें. हेतु हा कीं त्यांनीं तेथील लोकांची भाषा व चालीरीति शिकाव्या. दोघेही तापानें अंथरुणास खिळले. तथापि त्यांनीं लिहिलेली माहिती भूगोल-मंडळीच्या पहिल्याच जिल्दींत छापली आहे, आणि क्रिस्टोफरनें जमविलेला मालदिवी शब्दसंग्रह मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्यामार्फत लंडनच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रांत १८४१ सालीं प्रसिद्ध झाला.

मालदिवी भाषेंतील अंक असे: एके, दे, तिने, हतरे, फहे. संस्कृत जाणणाऱ्यास येथें थांबावेंच लागेल. 'चत्वारि'चा आद्य चकार सकारावाटे हकारांत गेला, 'पञ्च'चा पकार फकार झाला. 'सप्त' याचें त्याच न्यायानें 'हते' झालें. म्हणजे आपल्या मराठीची ही एक चुलत बहीण, सिंहलीच्या घरांतली, महासागराच्या मध्यावर बसून राहिली आहे. क्रिस्टोफरास संस्कृत येत नव्हतें. परंतु त्यानें ऐकलें तें लिहून ठेविलें, आणि बेटांच्या दक्षिण भागांत एक निराळी जुनी लिपि असून तिला 'देवेही हकुरा' म्हणतात असेंही नोंदलें. 'हकुरा' म्हणजे 'अक्षर' आणि 'देवेही' यांत 'द्वीप' शब्द लपलेला आहे, हें आपल्यास सांगावयास नको. नव्या 'ताना' लिपीची तर मौज अशी कीं तिचीं पहिलीं नऊ अक्षरें अरबी अंकांपासून व पुढचीं नऊ जुन्या देशी अंकांपासून घेतलेलीं आहेत. अंकांवरून वर्णमाला बनविल्याचें असें उदाहरण विरळा. हा क्रिस्टोफर १८४८ सालीं मुलतानच्या वेढ्यांत मेला.

दुसरी गोष्ट अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याची. १८३४ च्या मे महिन्यांत 'पॅलिन्यूरस' जहाज हिस्न घुराब या काळ्या खडकापाशीं नांगर टाकून होतें. घुराब म्हणजे कावळा; मराठींतील 'गुराब' नांवाचें गलबत तें हेंच नांव घेऊन आलें असें समजतात. खडकावर चढतांना अंमलदारांस दहा ओळींचा एक शिलालेख दिसला. लिपि कोणाच्याही ओळखीची नव्हती. त्यांनीं तिची नक्कल उतरून घेतली. वेल्स्टेड यानें ती आपल्या प्रवासवृत्तांतांत १८३८ सालीं छापली. दरम्यान १८३५ सालीं नकब-अल्-हजर येथें दुसरा लेख सांपडला, व १८३६ सालीं क्रटेंडन आणि वैद्य हल्टन हे मोख्याहून सनापर्यंत जाऊन आणखी लेख घेऊन आले. हल्टन त्या प्रवासानंतर लौकरच मरण पावला. या नकलांच्या आधारें गेझेनियस व र्योडिगर या जर्मन पंडितांनीं १८४१ च्या सुमारास हिमयरी लिपि लाविली. प्रिन्सेपानें कलकत्त्यास ब्राह्मी लिपि लाविली ती १८३७ सालीं. म्हणजे अरबी समुद्राच्या दोन्ही तीरांवरील दोन मुक्या लिप्या चारपांच वर्षांच्या अंतरानें बोलूं लागल्या, आणि त्यांपैकीं एकीच्या मुळाशीं आपले हे मुंबईकर आरमारी अंमलदार होते.

हिस्न घुराब हें स्थान म्हणजे 'पेरिप्लस' ग्रंथांतील काने बंदर. तेथून भडोचाशीं व्यापार चाले असें त्या ग्रंथांत म्हटलें आहे, आणि त्याच ग्रंथांत आपलीं सोपारा, कल्याण व चौल हींही बंदरें येतात. शिलालेख मात्र बराच अलीकडचा, इसवी सनाच्या सहाव्या शतकांतला निघाला.

तिसरी गोष्ट सोकोत्रा बेटाची, आणि आमचें खरें म्हणणें हिच्यांतच आहे. आगबोटींसाठीं कोळशाचें ठाणें हवें म्हणून १८३४ सालीं या बेटाची पाहणी झाली. वेल्स्टेड दोन महिने बेटाच्या अंतर्भागांत हिंडला. त्यानें डोंगर, कोरफड, हिरादखणाचीं झाडें, लोकांच्या चाली सर्व लिहिलें. या बेटाचें नांव संस्कृत 'द्वीप सुखाधार' यावरून आलें असें पूर्वींपासून सांगत आले आहेत. ग्रीकांचें 'डायोस्कोरिडा' हें त्याचेंच रूप असें म्हणतात. दुसरे कोणी तें अरबी शब्दांवरून लावितात. व्युत्पत्ति जुळली म्हणजे इतिहास जुळला असें नव्हे, हें विद्यार्थ्यांस सांगतां सांगतां आमचीं तीस वर्षें गेलीं. तेव्हां नुसत्या नांवावरून तेथें हिंदी लोक राहत होते असें आम्ही म्हटलें नसतें.

परंतु नांवापेक्षां बळकट पुरावा पुढें आला. सोकोत्राच्या ईशान्य बाजूस होक नांवाची एक प्रचंड गुहा आहे. बेल्जममधील गुहाशोधकांस २००० सालच्या सुमारास तिच्या अंधारांत, तोंडापासून पुष्कळ आंत, भिंतींवर व लवणस्तंभांवर लिहिलेले लेख आढळले. डॉ. इंगो श्ट्राउख यांनीं ते १२१२ नव्हे, तर २०१२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले, असें मुद्दाम सांगतों, कारण ही बातमी इतकी ताजी आहे. लेख दोनशेंहून अधिक, आणि त्यांतील बहुतेक ब्राह्मी लिपींत. काल साधारणपणें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून पांचव्या शतकापर्यंतचा. ब्राह्मीखेरीज दक्षिण अरबी, हबशी व ग्रीक अक्षरेंही आहेत, आणि पाल्मीरा येथील एका मनुष्यानें ठेविलेली लांकडी फळीही आहे. ती २५८ सालची. ब्राह्मी लेख म्हणजे मुख्यत्वें नांवें: अमुक येथें आला. कांहींनीं आपलें गांवही लिहिलें आहे. त्यांत भरुकच्छ म्हणजे भडोच, आणि हस्तकवप्र म्हणजे काठेवाडांतील हाथब, हीं ठिकाणें स्पष्ट वाचतां येतात. दिवटी घेऊन आंत शिरलेल्या आपल्या दर्यावर्दी व व्यापारी लोकांनीं हातानें लिहिलेलीं हीं नांवें वेल्स्टेड बेटावर हिंडत होता तेव्हांही तेथेंच होतीं. ती वाट त्यास कोणीं दाखविली नाहीं.

आतां भूगोल-मंडळीचे लेख वाचतांना आम्हांस जें खटकलें तें सांगतों. या अंमलदारांचें जहाज प्रवाळांतून कोणीं चालविलें? अरब 'रुबान', कच्छी मालम, कोंकणी तांडेल व सारंग यांच्यावांचून हें काम होणें शक्य नव्हतें. त्या पाण्यांत पिढ्यान् पिढ्या वावरलेले ते लोक. पण लेखांत ते बहुधा 'एतद्देशीय वाटाड्या' एवढ्या दोन शब्दांत आटपतात. खडकास कप्तानाचें नांव मिळतें, उथळास जहाजाचें मिळतें; ज्यानें तो खडक बोटानें दाखविला तो बिननांवाचा राहतो. अंमलदार निर्दय होते असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या माणसांनीं तापांत पडूनही मालदिवी अंक टिपले त्यांस कुतूहल नव्हतें असें कोण म्हणेल? त्यांस शिलेवरील अक्षर दिसे, बेटावरील भाषा ऐकूं येई, पण सुकाणूजवळ उभ्या असलेल्या मनुष्याच्या डोक्यांत एक सबंध शास्त्र आहे हें त्यांतील फार थोड्यांस जाणवलें.

तें शास्त्र होतें. 'कमाल' नांवाची एक लहान चौकोनी लांकडी फळी, तिच्या मध्यांतून ओवलेली दोरी, दोरीस मोजून मारलेल्या गांठी. दोरीची गांठ दातांत धरावी, फळीची खालची कड क्षितिजास लावावी, आणि वरच्या कडेस ध्रुव आला म्हणजे आपण कोणत्या बंदराच्या उंचीस आहों तें समजावें. तारेची उंची 'इसबा' म्हणजे बोटांनीं मोजीत, आणि पल्ला 'जाम' म्हणजे तीन तासांच्या वाटचालीनें. प्रिन्सेपानें अशा उपकरणांवर १८३६ सालीं कलकत्त्याच्या पत्रांत टिपण लिहिलें, व अलेक्झांडर बर्न्सनें मांडवीच्या कच्छी नाविकांविषयीं त्याच सुमारास लंडनच्या भूगोल-पत्रांत लिहिलें. हे दोघेही आरमारी नव्हेत, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

मंडळीच्या माणसांपैकीं सर्वांत मोठा व सर्वांत दुर्दैवी कप्तान हेन्स. दक्षिण अरबस्तानचा किनारा मोजणारा तोच. १८३७ च्या आरंभीं 'दर्या दौलत' नांवाचें हिंदी मालकीचें जहाज अदनजवळ फुटलें व लुटलें गेलें; त्याचें निमित्त करून, आधीं बोलणी व मग तोफा, अशा क्रमानें १९ जानेवारी १८३९ रोजीं अदन घेतलें गेलें. हेन्स तेथें पंधरा वर्षें मुंबई सरकारचा वकील होता. हजाराच्या आंतील पडकी वस्ती त्याच्या कारकीर्दींत कित्येक पटींनीं वाढली. त्यास हाताखालीं मनुष्यबळ पुरेसें मिळालें नाहीं, हिशेब मात्र चोख मागितला गेला. १८५४ सालीं खजिन्यांत सुमारें २८ हजार पौंडांची तूट निघाली. त्यास मुंबईस बोलावून त्याजवर खटला भरला. पंचांनीं त्यास एकदां सोडलें, दुसऱ्यांदाही सोडलें. तेव्हां सरकारनें तीच रक्कम देणें म्हणून त्याजवर काढिली, आणि ती फेडतां येईना म्हणून त्यास कैदेंत ठेविलें. सहा वर्षें तो मुंबईच्या तुरुंगांत होता. १८६० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यानें त्यास मोकळें केलें. विलायतेस जाण्यासाठीं तो जहाजावर चढला, आणि जहाज मुंबईच्या बंदरांत असतांनाच जूनमध्यें मेला. ज्यानें समुद्राचा तळ वांवावांवानें मोजून सरकारास दिला त्याचा शेवट जमाखर्चाच्या वहींत झाला.

अदन १९३७ सालीं हिंदुस्थानापासून तोडलें गेलें. त्यापूर्वीं बहुतेक काळ त्याचा कारभार मुंबईकडे असल्यानें मुंबई दप्तरांत त्याचे कागद विपुल आहेत. आपल्या अभ्यासकांचें लक्ष पुण्याच्या दप्तराकडे जितकें वेधलें तितकें या कागदांकडे वेधलेलें नाहीं.

हेन्सानंतर तीन वर्षांनीं त्याचें आरमारही गेलें. ३० एप्रिल १८६३ रोजीं 'इंडियन नेव्ही' मोडली. कंपनी जाऊन राणीचें राज्य झाल्यावर समुद्राचें रक्षण राजाच्या आरमारानें करावें असें ठरलें, व अंमलदारांस निवृत्तिवेतन देऊन घरीं बसविण्यांत आलें. मनुष्यांस वेतन मिळालें. कागदांस कोण विचारतो? लंडनच्या इंडिया हाउसांतील दप्तर हलविलें गेलें तेव्हां आरमारी पाहणीचे मूळ नकाशे व रोजनिशा रद्दी म्हणून नाहींशा झाल्या, याबद्दल क्लेमंट्स मार्कहॅम यानें १८७१ सालच्या आपल्या ग्रंथांत कडक शब्दांत खेद केला आहे. त्या आरमाराचा मोठा इतिहास दोन खंडांत १८७७ सालीं लो यानें लिहिला. तो त्याच आरमारांतील जुना अंमलदार होता. भूगोल-मंडळी आणखी दहा वर्षें कशीबशी चालली. तिचे पाहणी करणारे हातच गेल्यावर वाचणारांनीं काय करावें? १८७३ सालीं ती रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेंत विलीन झाली.

यॉट क्लबाचें मात्र उत्तरोत्तर वाढतच गेलें. १८७६ सालीं त्यास 'रॉयल' पदवी मिळाली, निळ्या निशाणावर हिंदचा तारा लावण्याची परवानगी मिळाली; शतकाअखेर जॉन अ‍ॅडम्स या शिल्पज्ञानें त्याच्या सभासदांसाठीं राहण्याची टोलेजंग इमारत बांधली. नौकांच्या शर्यती, नाच, भोजनें यांचें वर्णन करण्यांत आम्हांस गोडी नाहीं. एवढेंच नोंदवितों कीं, एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेनें १८४० सालीं माणेकजी करसेटजी यांस सभासद करून घेतलें होतें, आणि यॉट क्लबानें स्वातंत्र्यापूर्वीं हिंदी मनुष्यास सभासद केलें नाहीं. विद्येच्या सभेचा दरवाजा उघडण्यास कांहीं वर्षें लागलीं. खानपानाच्या सभेस शंभर वर्षेंही पुरलीं नाहींत. १९१७ सालीं लॉर्ड विलिंग्डन यांस हिंदी व युरोपियन यांच्यासाठीं निराळा क्लब काढावा लागला तो याच अडचणीमुळें.

अंमलदार व खलाशी यांच्या पंगतींतील अंतर किती पडलें होतें तें पुढें १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं कुलाब्याच्या 'तलवार' ठाण्यावर दिसून आलें. नित्याच्या निकृष्ट अन्नावरून खलाशांनीं कामास नकार दिला. तो वणवा जहाजांवरून गिरणगांवांत उतरला. २२ तारखेस परळास गोळीबारांत कमल दोंदे या पडल्या; मुंबईंत एकंदर दोनशेंहून अधिक माणसें मेलीं.

पुढचा योगायोग लिहिल्यावांचून राहवत नाहीं. यॉट क्लबाची समुद्राकडील जुनी वास्तु त्याजकडून गेली, व १९४९ सालीं तींत डॉ. होमी भाभा यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था राहावयास आली. १९६२ पर्यंत ती तेथें होती. ज्या दिवाणखान्यांत हिंदी मनुष्यास पाऊल टाकण्याची बंदी, त्यांत हिंदी विद्यार्थी फळ्यावर गणितें सोडवूं लागले. १९५१ सालीं मुंबईच्या कोटांतील आरमारी ठाण्यास आंग्र्यांचें नांव मिळालें, आणि १९६२ सालीं भास्कर सदाशिव सोमण हे मराठी गृहस्थ नौदलाचे प्रमुख झाले.

मंडळीचा तुटलेला धागाही एका मराठी आरमारी अंमलदारानेंच पुन्हां उचलला. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर प्रल्हाद अवटी यांनीं १९७८ सालीं मुंबईस मॅरिटाइम हिस्टरी सोसायटी स्थापिली. मुंबई विद्यापीठांतील भूगोलाचे प्राध्यापक बी. अरुणाचलम यांनीं या नव्या मंडळीच्या आश्रयानें नेमकें तेंच काम हातीं घेतलें जें माल्कमाच्या मंडळीनें टाकिलें होतें: कच्छी व इतर मालमांच्या पोथ्या मिळवून त्यांतील तारे, बोटें, पल्ले व किनाऱ्यांच्या आकृति यांचा अर्थ लावणें. त्यांचा ग्रंथ २००२ सालीं निघाला. त्यावरून कच्छ, गुजराथ, लक्षद्वीप व तमिळ किनारा यांच्या नौकाशास्त्राचा पुष्कळ उलगडा होतो.

कोंकणाचा वांटा त्या मानानें थोडा आहे. मालवण, विजयदुर्ग, रत्नागिरी, हर्णे, अलिबाग व आमच्या जवळचें माहीम येथील तांडेल-नाखव्यांच्या घरांत अशा पोथ्या मुळींच नव्हत्या असें मानण्यास आमचें मन घेत नाहीं. वाचकांपैकीं ज्यांचा त्या घरांशीं संबंध असेल त्यांनीं विचारपूस करावी. सनदा, वंशावळी व बखरी यांच्या शोधांत या वह्या नजरेआड होतात, कारण त्यांत राजाचें नांव नसतें, शिक्का नसतो, बहुधा मित्तीही नसते. नुसते आंकडे, ताऱ्यांचीं नांवें, ठिपक्यांच्या ओळी आणि डोंगरांचे वेडेवांकडे शेंडे काढलेले असतात. अक्षर मोडी, बाळबोध, गुजराथी वा अरबी कोणतेंही असूं शकेल. अशी वही आढळल्यास ती कोणत्या घराण्यांत, कोणत्या गांवीं सांपडली, आणि ती वापरणाराचें नांव काय होतें, एवढें तरी टिपून मंडळाच्या चिटणिसांकडे कळवावें. मूळ वही मालकाकडेच राहूं द्यावी. नक्कल आम्ही येऊन करून घेऊं.